भुईवर घेतलेला माणूस

रंगनाथ आबांना खाटेवरून उतरवून दवाखान्याच्या फरशीवर निजवलं, ती सकाळ जाऊन आठवडा होत आला, तरी घरातलं बोलणं तिथून पुढे सरकायला तयार नव्हतं. जो तो आपल्या बाजूने तीच गोष्ट सांगायचा. आणि भागिरथी, आबांची थोरली सून, प्रत्येकाला नव्या शंका विचारून ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावायची. तिचा स्वभावच तसा. लग्न होऊन सोनईला आली तेव्हापासून "हे असंच का?" हा प्रश्न तिने सासूपासून सोनारापर्यंत कुणालाही विचारायचा बाकी ठेवला नव्हता. फक्त एका माणसाला तिने कधी काही थेट विचारलं नव्हतं, आणि तो माणूस आता नगरच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून पडला होता.

झालं होतं ते एवढंच. आबांचं हृदय थकलं होतं, छातीत पाणी साठत होतं. त्या सकाळी श्वास घरघरायला लागला, नखं निळी पडली, आणि थोरल्या मुलाने, रंभाजीने, ओळखलं की वेळ आली. मरणारा माणूस खाटेवर राहू द्यायचा नाही, भुईवर घ्यायचा, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने घोंगडी अंथरली, बापाला उचलून खाली घेतलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि प्रवरासंगमाहून आणलेलं गोदावरीचं, त्यांच्या लेखी गंगेचंच, पाणी घातलं. मिरजगावला दिलेल्या कलाबाईने, आबांच्या लेकीने, गळा काढला. शेजारच्या खाटांवरचे पेशंटसुद्धा हात जोडून बसले. आणि आबांनी डोळे उघडले.

"भुई येवढी गार कशी रं?" ते म्हणाले.

मग त्यांनीच बोटांनी चाचपून पाहिलं. "फरशी हाय व्हय," असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. श्वास मात्र चालू राहिला.

तेवढ्यात धाकटा राधाकृष्ण, कलाबाईचा अन्ना, आला. तो पाटबंधाऱ्याकडे ओव्हरसियर, नगरलाच बिऱ्हाड करून राहिलेला, दुष्काळी कामांवरून धुळीने माखूनच तो बापाला बघायला यायचा. त्याने पाहिलं तर बाप जमिनीवर, ओठाला तुळशीचं पान चिकटलेलं. त्याने पान काढलं, वॉर्डबॉयला हाक मारली, आबांना परत खाटेवर चढवून ऑक्सिजन लावून घेतला आणि तडक वकिलाकडे गेला. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत त्याने मनाईहुकूम आणला. पेशंटला दवाखान्यातून घरी हलवायचं नाही, खाटेवरून खाली घ्यायचं नाही.

रंभाजीचा राग दवाखान्यावर नव्हता. खाटेवर होता.

"एकदा भुईवर घेतलेलं मानूस परत खाटेवर चढवत न्हाईत," तो भेटेल त्याला सांगायचा. "जीव मधीच लटकतो. ना हिकडं ना तिकडं. आता म्या त्यांना घरी नेनार, आपल्या भुईवर ठेवनार. कोर्टाला काय कळतंय त्यातलं?"

त्याच्या हट्टाला एक जुनं दुखणं होतं आणि ते भागिरथीलाच ठाऊक होतं. त्याची आई नगरला नेताना ट्रकमध्ये, इमामपूरच्या घाटात गेली होती. तिला भुई मिळाली नाही, पाणी मिळालं नाही, तिचा हात धरून बसलेल्या रंभाजीला ती कधी गेली तेही कळलं नाही. अजूनही एसटी त्या घाटात शिरली की तो डोळे मिटून घ्यायचा. भागिरथीला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, कारण आता तोच माणूस बापाला त्याच घाटातून उलट न्यायला निघाला होता, आणि डॉक्टर सांगत होते की ऑक्सिजन काढला तर पेशंट वाटेतलं जेऊरसुद्धा गाठणार नाही.

राधाकृष्णाचं तरी काय कमी होतं? त्याला आबांना ऑक्सिजनसकट पुण्याला हलवायचं होतं. तिथे मोठे डॉक्टर, मोठी यंत्रं. वाटण्या झाल्यापासून त्याने सोनईची शीव ओलांडली नव्हती. बाप घरी गेला की आपल्या हातून गेलाच, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं.

रंभाजीने तातडीचं अपील केलं. जिल्ह्याच्या जज्जसाहेबांनी सुट्टी असूनही ते आपल्या बंगल्यावर ऐकायचं कबूल केलं.

बंगल्यावर जायच्या आधी दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली, कलाबाईने भावजयीला गाठलं.

"वैनी, तू कुनाकडं?"

"तुमी कुनाकडं वन्सं?"

"मी परवापत्तुर दादाकडं हुते," कलाबाई मोकळेपणाने म्हणाली. "पर काल अन्नानं मला डॉक्टरपाशी नेलं. डॉक्टर म्हनाले, घरी हलवलं तर गेले. तवापासनं मी अन्नाकडं. आन आज सकाळी दादा रडला गं माझ्यापुढं, आईचं नाव काढून. आता मला कायच कळंना झालंय."

"पर वन्सं, एक मला सांगा. मामांजी काय म्हनत्यात?"

कलाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भर उन्हात कंदील मागितला. "त्यांना कुनी इचारलंय?"

भागिरथी विचारात पडली की पदराखाली कपाळावरच्या जुन्या खोकेवरून बोट फिरवायची तिला सवय होती. आताही ते बोट फिरत राहिलं.

इथे या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोनईच्या त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. पदर नाकापर्यंत ओढायचा, दाराच्या चौकटीआड उभं राहायचं आणि जे सांगायचं ते गोठ्यातल्या गाईला सांगायचं. "कपिले, मामांजींना म्हनावं भाकरी झाली." आबाही तसेच. "कपिले, तिला सांग, ढवळ्याला आज पेंड वाढवून घाल." कपिला मेली, तिची कालवड आली, तिची कालवड आली, मध्यस्थ बदलत गेले, नाव कपिलाच राहिलं; बोलणं तसंच चालू राहिलं. सासू गेल्यावर तर ते वाढलंच. पोरांना कधी सांगितलं नाही ते आबा संध्याकाळी ओसरीवर बसून गाईला सांगत, आणि भागिरथी आत चुलीपाशी ऐके. ढवळ्या बैलाच्या म्हातारपणाची काळजी, वाटणीची बोच. "कपिले, दोनातल्या एकाचं नाव घ्यावं तर दुसरं तुटतं. म्हनून आपुन कुनाचंच घ्येत न्हाई बघ," असं ते एकदा म्हणाले होते. भागिरथीने ते जपून ठेवलं होतं. आपल्या जन्मदात्या बापापेक्षा तिला हा माणूस जास्त कळला होता, आणि त्याने तिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

जज्जसाहेबांच्या बंगल्यावर व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब बारीक अंगाचे, घरच्या सदऱ्यातच बसलेले. रंभाजीच्या वकिलांनी रूढी, धर्म आणि थोरल्या मुलाचं कर्तव्य यांवर सुरेख भाषण केलं. राधाकृष्णाच्या वकिलांनी सांगितलं की अशा पेशंटचा ऑक्सिजन काढून त्याला घरी हलवणं म्हणजे त्याचा जीव घेणं, आणि मनाईहुकूम उठवलात तर त्या मरणाला कोर्टाची परवानगी मिळाल्यासारखं होईल. दोघंही आपापल्या जागी खरे वाटत होते. भागिरथीला मोठी मौज वाटली की एवढी शिकलेली माणसं इतका वेळ बोलली आणि आबांचं नाव घेताना प्रत्येक वेळी 'सदर पेशंट' म्हणाली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंट शुद्धीवर आहे?"

"आहे," दोन्ही वकील एकदम म्हणाले.

"बोलू शकतो?"

"थोडं थोडं."

"मग तो काय म्हणतो?"

वकिलांनी आपापल्या अशिलांकडे पाहिलं. भागिरथीने पदराआडून दोघा भावांकडे पाहिलं. रंभाजी उठून उभा राहिला, हात जोडले.

"सायेब, बापाला असं कसं इचारायचं? कुठं मरायचं म्हनून इचारलं, तर तुमी आता मरताय असं सांगितल्यागत झालं. कुन्या पोराच्या तोंडातनं निघंल ते?"

"ते मात्र खरं आहे, साहेब," राधाकृष्ण म्हणाला. "विचारण्यासारखी गोष्ट नाही ती."

वाटण्या झाल्यापासून दोघा भावांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं ते हे. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, घरात जाऊन कोट चढवला आणि म्हणाले, "चला, मी विचारतो."

वॉर्डात एकच धांदल उडाली. सिस्टरने चादर ताणली, साहेबांसाठी स्टूल ठेवलं. रंभाजी नेहमीप्रमाणे खाटेच्या डाव्या अंगाला जाऊन बसला, राधाकृष्ण उजव्या. या दोन स्टुलांवर दोघे आठवडाभर बसत होते, एकमेकांशी न बोलता, मध्ये बाप. भागिरथी ऑक्सिजनच्या सिलिंडरपाशी उभी राहिली. दवाखान्यात गाय कुठून आणायची? गेल्या काही दिवसांत तो उंच काळा सिलिंडरच तिची कपिला झाला होता. "मामांजींना म्हनावं दूध घ्या," हे ती त्यालाच सांगायची आणि शेजारचे पेशंट हसायचे.

आबांनी साहेबांचा काळा कोट पाहिला. बांधाच्या दाव्यात कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस, त्याला ओळख पटायला वेळ लागला नाही.

"नमस्कार सायेब. तारीख पडली का?"

साहेब हसले. "पडली आजोबा. आजचीच आहे. तुम्हाला कुठं राहावंसं वाटतं? घरी, इथं, की पुण्याला?"

आबांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग वर पंख्याकडे.

"सायबांना च्या सांगा कुनीतरी," ते म्हणाले.

साहेबांनी पुन्हा, सावकाश विचारलं. आबा म्हणाले, "ऊन लई हाय औंदा." तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी डोळेच मिटले.

"त्यांना समजत नाही, साहेब," राधाकृष्ण हळू आवाजात म्हणाला.

भागिरथीला हसू आलं. समजत नाही? त्यांना सगळं समजत होतं, म्हणूनच ते गप्प होते. ती कलाबाईच्या कानाशी लागली. कलाबाई ऐकत गेली तसतशी तिची मान नको नको म्हणत हलू लागली; पण शेवटी ती बोलली.

"सायेब, वैनी म्हनत्यात, तोंडावर इचारलं तर आबा सांगायचे न्हाईत. पोरांसमोर तर न्हाईच."

"मग कुणाला सांगतील?"

कलाबाईने भावजयीकडे पाहिलं. "गाईला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. त्यांनी सगळी रीत नीट विचारून घेतली, मग दोघा भावांना आणि वकिलांना दाराशी पाठवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले.

भागिरथीने पदर नाकापर्यंत ओढला. ती सिलिंडरकडे तोंड करून उभी राहिली.

"कपिले," ती म्हणाली, "मामांजींना इचार. ह्यांना वाटतं घरी न्यावं. भाऊजींना वाटतं पुन्याला न्यावं. मामांजींचं मन कुठं हाय, तेवढं सांगा म्हनावं. ऐकनाऱ्याला राग येनार न्हाई."

बराच वेळ सिलिंडरमधल्या हवेची सुरसुर तेवढी ऐकू येत होती. मग आबांचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता की तिला वाकून कान जवळ न्यावा लागला. दाराशी उभ्या असलेल्यांना तर सोडाच, साहेबांनाही काही ऐकू गेलं नाही. आबा थांबून थांबून बोलले आणि मग थकून पडून राहिले.

भागिरथी सरळ झाली तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की आबा जे बोलले ते जगात आता फक्त तिलाच ठाऊक होतं. ती काहीही सांगू शकत होती. दाराशी रंभाजी उभा होता, हात अजून जोडलेले, डोळ्यांत पाणी. तिने 'घरी' एवढा एकच शब्द म्हटला असता तर नवरा जन्मभर तिचे पाय धुऊन प्याला असता, आणि तो घाट त्याच्या मनातून कदाचित एकदाचा उतरला असता. तिला तो शब्द म्हणावासा वाटला. खोटं कशाला सांगा, फार वाटलं.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"घरी नको म्हनत्यात," ती म्हणाली. रंभाजीचे हात खाली आले. तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं, कारण पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "आन पुन्यालाबी नको. घरी नेलं तर धाकला यायचा न्हाई, पुन्याला नेलं तर थोरला यायचा न्हाई. हितं दोघंबी येत्यात. एक ह्या अंगाला बसतो, एक त्या अंगाला. बोलत न्हाईत, पर बसत्यात. येवढं मला कुठंच गावलं न्हवतं, म्हनाले."

साहेबांच्या कारकुनाने तेवढं लिहून घेतलं.

"आनखी येक," भागिरथी म्हणाली, आणि आता तिने नवऱ्याकडे पाहिलं. "रंभाला सांग म्हनाले, तू केलंस ते मायेनंच केलंस. जीव गेला की घरीच ने. भुई आपलीच पायजे. पर जीव गेल्यावर. जित्तेपनी लई गार लागती."

राधाकृष्णाचे वकील पुढे सरसावले. बाई खरं सांगते कशावरून, ऐकलं तर कुणीच नाही, असं काहीतरी ते म्हणू लागले. पुणं हातचं जात होतं. साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"ही बाई स्वतःच्या नवऱ्याच्या अपिलाविरुद्ध बोलली. याहून चांगला साक्षीदार मला मिळायचा नाही," ते म्हणाले, आणि तिथेच स्टुलावर बसून त्यांनी हुकूम सांगितला. पेशंट इथेच राहील. ना घरी, ना पुण्याला. यापुढे काहीही करायचं तर आधी त्याला विचारायचं. देह मात्र थोरल्या मुलाने घरी न्यायचा आणि धाकट्याने आडवं यायचं नाही. मग ते क्षणभर थांबले आणि आपल्या कारकुनाला म्हणाले, "कसं विचारायचं ते लिहू नका. ते त्यांना माहीत आहे."

सगळे पांगल्यावर रंभाजी आपल्या स्टुलावर येऊन बसला. बराच वेळ तो बापाच्या पायावरची चादर सारखी करत राहिला.

"भुई गार हाय ते म्या बघाया पायजे हुतं," तो कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाला.

"खाली अजून काहीतरी अंथरायचं होतंस, दादा," समोरून राधाकृष्ण म्हणाला.

"घोंगडी येकच हुती."

"माझ्याकडून मागायची."

रंभाजीने मान वर केली. बापाच्या अंगावरून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा माना खाली घातल्या. थोड्या वेळाने दोघे एकाच वेळी चहाला उठले आणि कलाबाई त्यांच्यामागून डोळे पुसत गेली.

भागिरथी एकटी उरली. तिने दूध गार केलं, चमचा घेतला आणि सवयीने सिलिंडरकडे वळली.

"कपिले, मामांजींना म्हनावं..."

"त्या नळकांड्याला किती ताप देशील?" आबा म्हणाले. "मला सांग की."

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला उद्देशून एक शब्द काढला नव्हता.

"आज तू सायबांपुढं बोललीस," आबा दम घेत म्हणाले. "म्या ऐकलं समदं. एक शब्द खाल्ला न्हाईस. म्हनलं, ही हाय तरी कशी बघावं. पदर सार जरा."

भागिरथीने इकडेतिकडे पाहिलं. सिस्टर लांब होती. तिने वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पदर मागे घेतला. उघड्या तोंडावर वारं लागलं तसं तिला चमत्कारिक वाटलं. आबा बघत राहिले, सावकाश, शेत बघावं तसं, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

"ही खोक कसली गं कपाळावर?"

"जुनी हाय."

"कधीची?"

"लई वर्सं झाली. बैलानं शिंग मारलं हुतं."

आबांच्या भुवया आक्रसल्या. मारका बैल दावणीला ठेवायचा नाही, एकदा शिंग उगारलं की बाजार दाखवायचा, हा त्यांचा कायदा साऱ्या सोनईला ठाऊक होता. "माझ्या गोठ्यात? कोनत्या बैलानं?"

ती चादरीचं टोक सारखं करू लागली. आबांनी वाट पाहिली. मग ती हळूच म्हणाली, "ढवळ्यानं."

"आन मला कुनी सांगितलं न्हाई?"

"मीच सांगू दिलं न्हाई." आता आडून बोलायला चौकट नव्हती, गाय नव्हती. ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली. "तुमी त्याला इकला असता. आन मग संध्याकाळी वसरीवर बसून कपिलेला काय सांगितलं असतं?"

आबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला. भागिरथी घाबरून वाकली, पण ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, सिलिंडरवरचा काटा थरथरला, आणि लांबून सिस्टर रागावत आली, आजोबांना बोलायला लावू नका म्हणून. त्यांनी तिला हाताने थोपवलं. भागिरथीने पदर पुन्हा ओढायला हात नेला, तशी त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"दूध दे," ते म्हणाले. "आन बस हितं. आजून काय काय लपवलंस ते सांग."

भागिरथीने रंभाजीचं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसली.